मराठवाड्यात सुरक्षा आणि मुक्त सॉफ्टवेअरची मोफत परिषद भरवायची असेल तर

मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन वेगळे शब्द आहेत, ही या क्षेत्रात काम करणाऱ्यांची मोठी सोय आहे. ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो ते मुक्त सॉफ्टवेअर. आणि ज्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत ते मोफत. या लेखात ज्या परिषदेचा विचार केला आहे ती दोन्ही अर्थ सांभाळते. तेथे शिकवले जाणारे सॉफ्टवेअर मुक्त असते आणि येणाऱ्याला प्रवेश, चहा किंवा जेवण यांसाठी काहीही द्यावे लागत नाही. ब्रसेल्स येथे 2000 साली सुरू झालेली फॉसडेम ही मुक्त सॉफ्टवेअरची परिषद प्रवेशशुल्क किंवा नोंदणी न ठेवता स्वयंसेवकांच्या बळावर भरते, 2009 मध्ये लास व्हेगास येथून बीसाइड्स या नावाने सुरक्षेच्या स्थानिक परिषदांची परंपरा सुरू झाली, आणि आपल्या देशात नल या सुरक्षाविषयक समुदायाच्या बैठका अनेक शहरांत विनाशुल्क होतात. नमुने समोर आहेत. ते आपल्या परिस्थितीत कसे बसवायचे याविषयी पुढील मार्गदर्शन आहे.

सुरक्षा आणि मुक्त सॉफ्टवेअर हे दोन विषय एकाच दिवशी का घ्यायचे, असे प्राचार्य हमखास विचारतात. त्यांना 29 मार्च 2024 ची घटना सांगावी. त्या दिवशी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी हेतुपुरस्सर घुसवलेला चोरदरवाजा जाहीर केला. दूरच्या संगणकावर लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीचा त्याने पाठपुरावा केला होता. कोड उघडा होता म्हणून तो तपासता आला, हे खरे आहे. आणि ते सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस एकटा आणि थकलेला होता म्हणून परक्याला आत शिरकाव करता आला, हेही तितकेच खरे आहे. उघडा कोड वाचणारे डोळे कोठून यायचे, हा प्रश्न त्यातून उरतो, आणि त्या डोळ्यांतील काही गेवराईचे, उदगीरचे, जिंतूरचे असावेत यासाठीच आपण ही परिषद भरवतो.

परिषद कोणासाठी, हे आधी ठरवा

पहिल्या परिषदेच्या वेळी मी हा निर्णय घेतला नव्हता. आदल्या संध्याकाळी तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला आणि तिने विचारले, “सर, कार्यक्रम किती वाजता संपेल? आमच्या गावाकडची शेवटची गाडी साडेपाचला आहे.” आमचा समारोप सहाला होता आणि सर्वांत उपयुक्त कार्यशाळा चार ते सहा या वेळेत ठेवलेली होती. ती मुलगी आली, अर्धी कार्यशाळा सोडून उठली आणि गेली. तेव्हापासून प्रत्येक निर्णय घेताना मी तिला समोर ठेवतो: एसटीने येणारी, स्वतःचा लॅपटॉप असेल किंवा नसेल अशी, इंग्रजी वाचता येते पण सभेत बोलायला संकोचणारी विद्यार्थिनी. तिला जे जमेल ते सर्वांना जमते.

त्यावरून परिषदेचा आकारही ठरतो. पहिल्या वर्षी एक दिवस, एक सभागृह, एक संगणक प्रयोगशाळा आणि जास्तीत जास्त 120 माणसे, यापुढे जाऊ नये. दोन दिवसांची परिषद ठेवली की मुक्कामाचा प्रश्न येतो, आणि मुक्काम म्हटला की सर्वांत आधी मुलींना घरून नकार येतो. कार्यक्रम साडेदहाला सुरू करावा आणि चारला संपवावा.

चार महिने आधी: तारीख

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो, त्यामुळे वातानुकूलन नसलेल्या सभागृहात दिवसभर बसणे शक्य होत नाही. दिवाळीच्या आगेमागे विद्यापीठांच्या सत्र परीक्षा असतात. उरतात ते दोन काळ. सप्टेंबरचा तिसरा शनिवार हा जगभर सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन म्हणून पाळला जातो आणि 17 सप्टेंबर हा आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे. हे दोन दिवस नेहमी एकाच आठवड्याच्या आसपास येत असल्याने ‘मुक्ती’ या शब्दाभोवती परिषद गुंफणे फार सहज जमते. मात्र त्या वर्षी गणेशोत्सव कधी आहे ते आधी पाहावे, कारण विसर्जनाच्या दिवशी ना स्वयंसेवक मिळतात ना वाहने. दुसरा काळ जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध हा आहे आणि मला तो अधिक पसंत आहे. छत्रपती संभाजीनगरात परिषद असेल तर 14 जानेवारीच्या जवळपासची तारीख टाळावी. 1994 साली याच दिवशी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्यामुळे तेथे दरवर्षी मोठा जनसमुदाय येतो आणि बस व निवासस्थाने भरलेली असतात.

जागा आणि प्राचार्यांना द्यायचे पत्र

अभियांत्रिकी महाविद्यालय, तंत्रनिकेतन किंवा विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग ही स्वाभाविक ठिकाणे आहेत. बसस्थानकापासूनचे अंतर स्वतः चालून किंवा रिक्षाने जाऊन मोजावे. अनेक नवी महाविद्यालये शहराबाहेर दहा-बारा किलोमीटरवर आहेत आणि रविवारी तेथे वाहन मिळत नाही; अशी जागा सुंदर असली तरी तिच्यापेक्षा गावातील साधे सभागृह बरे.

पत्रात ‘हॅकिंग’ हा शब्द लिहू नये. त्यात लपवाछपवीचा हेतू नाही. वर्तमानपत्रांमुळे तो शब्द गुन्ह्याशी जोडला गेला आहे, आणि पत्र वाचणाऱ्याला आपला हेतू पहिल्या ओळीत कळावा हा आपला हक्क आहे. ‘सायबर सुरक्षा आणि मुक्त सॉफ्टवेअर यांविषयी विनाशुल्क एकदिवसीय परिषद’ एवढे पुरे होते. पत्रात तारीख, वेळ, अपेक्षित संख्या, कोणत्या खोल्या हव्यात, प्रयोगशाळेतील संगणकांवर नेमके काय चालवले जाईल, आणि महाविद्यालयाच्या कार्यालयीन नेटवर्कला आपण स्पर्श करणार नाही याची लेखी हमी असावी. विभागप्रमुखांइतकेच महत्त्वाचे असतात प्रयोगशाळा सहायक. संगणकांचे बायोस पासवर्ड (संगणक सुरू होतानाच्या मूळ रचनेला लावलेले कुलूप), कोणत्या संगणकात किती मेमरी आहे, संगणक एकमेकांना जोडणारा कोणता नेटवर्क स्विच अधूनमधून बंद पडतो, हे सारे त्यांनाच माहीत असते. त्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवावे आणि रविवारी यावे लागणार असेल तर त्यांच्या बदली सुट्टीची विनंती पत्रातच करावी.

उद्घाटनाविषयी येथेच मोकळेपणाने बोलून घ्यावे. दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगते यांत सकाळचा एक तास गेला तर साडेपाचच्या गाडीवाल्यांचे नुकसान होते. सत्कार पुस्तक देऊन, सर्व मिळून पंधरा मिनिटांत व्हावा, असे विनयाने आणि आधीच ठरवले तर कोणी नाराज होत नाही.

पैसा

मोफत परिषदेलाही खर्च असतो. तो फक्त येणाऱ्याकडून घेतला जात नाही. जेवण, चहा, बाहेरगावच्या दोन-तीन वक्त्यांचा प्रवास, बिछायत केंद्राकडून आणलेले साहित्य, जनरेटरचे डिझेल आणि छपाई, एवढ्या बाबी धराव्यात. पैशांऐवजी वस्तू किंवा सेवा मागितल्यास गावातून मदत लवकर मिळते: कोणी ओळखपत्रे छापून देतो, कोणी पाण्याचे जार देतो. जेवणाचे काम एखाद्या महिला बचत गटाला द्यावे. पिठलं-भाकरी, ठेचा आणि मसालेभात असे जेवण बाहेरगावच्या पाहुण्यांच्याही लक्षात राहते.

आपली संस्था नोंदणीकृत नसेल तर कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यात वर्गणी जमा करू नये. महाविद्यालयाचे किंवा विश्वासातल्या नोंदणीकृत संस्थेचे खाते वापरावे आणि प्रत्येक रकमेची पावती द्यावी. प्रायोजकांना फलकावर नाव द्यावे. व्यासपीठावरील वेळ आणि उपस्थितांची यादी कधीही देऊ नये. एका प्रायोजकाने आम्हाला आठवडाभर आधी यादी मागितली आणि नकार मिळताच हात आखडता घेतला, तेव्हा जेवणात गोड पदार्थ ठेवता आला नाही. कोणाचीही तक्रार आली नाही.

तीन महिने आधी: वक्ते

व्याख्यानांसाठी जाहीर आवाहन करावे आणि ते मराठीत लिहावे. विषय, तीन-चार ओळींचा सारांश, ऐकणाऱ्याला आधी काय माहीत असायला हवे, आणि बोलण्याची भाषा, एवढेच विचारावे. प्रीटॅल्क्स हे मुक्त सॉफ्टवेअर या कामासाठीच बनलेले आहे, परंतु पहिल्या वर्षी साधा अर्जही चालतो. निवड करणाऱ्यांनी आधी नाव न पाहता सारांश वाचावेत. व्याख्यान 25 मिनिटांचे आणि प्रश्नोत्तरे पाच मिनिटांची ठेवावीत, आणि जेवणानंतर पाच-पाच मिनिटांच्या छोट्या भाषणांचे एक सत्र असावे, कारण पहिल्यांदा बोलणाऱ्याला तोच दरवाजा सर्वांत सोपा वाटतो.

निम्मे वक्ते मराठवाड्यातलेच असावेत, असा आग्रह मी धरतो. नवख्या वक्त्याची एक तालीम जित्सी या व्हिडिओ-बैठकीच्या मुक्त सॉफ्टवेअरवर घ्यावी आणि त्याला दोनच गोष्टी सांगाव्यात: पडद्यावरची अक्षरे मोठी ठेवा आणि प्रात्यक्षिकाचे चित्रीकरण सोबत आणा. परिषद छत्रपती संभाजीनगरात असेल तर पुण्याहून येणाऱ्यांना सुमारे 235 किलोमीटरचा रस्ता आहे, तर मुंबईहून येणाऱ्यांना तपोवन किंवा देवगिरी एक्स्प्रेस सोयीची पडते. तिकिटे आपण काढावीत. त्यांना खर्च करायला लावून नंतर परतफेड करण्यात उशीर होतो.

विषय आपल्या भोवतालचे असले की सभागृह भरलेले राहते. आपल्याकडे सर्वसामान्यांची कागदपत्रे सर्वाधिक हाताळली जातात ती आपले सरकार सेवा केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत. तेथील संगणकाच्या डेस्कटॉपवर आधार, सातबारा आणि बँक पासबुकाच्या प्रती महिनोन्महिने पडून असतात, एकच पासवर्ड चार जण वापरतात आणि विंडोज बहुधा विनापरवाना असल्याने तिचे अपडेट बंद करून ठेवलेले असतात. केंद्रचालकांसाठी एक स्वतंत्र सत्र ठेवावे. त्यात कीपासएक्ससी हे पासवर्ड सांभाळणारे मुक्त सॉफ्टवेअर बसवून दाखवावे, काम झाल्यावर ग्राहकाच्या फाइल काढून टाकण्याची सवय लावावी, ठशांवरून पैसे काढण्याच्या फसवणुकीपासून वाचण्यासाठी आधारचे बायोमेट्रिक लॉक कसे करायचे ते सांगावे, आणि पैसे गेल्यास 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, हे सर्वांकडून पाठ करून घ्यावे. माझ्या अनुभवात दिवसभरात सर्वाधिक प्रश्न याच सत्रात येतात.

मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने मराठी भाषांतराचे सत्र नवख्यांना सर्वांत सोपे जाते. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांच्या मेनूंचे मराठी शब्द स्वयंसेवकच घडवतात. तेथे एखादा खटकणारा शब्द सुधारून पाठवणे हे अनेकांचे पहिले योगदान ठरते आणि त्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही.

कार्यशाळा

परिषदेत सर्वांत जास्त तयारी लागते ती येथे. एका वर्षी सुरक्षेच्या कार्यशाळेसाठी लागणारी काली लिनक्स या सुरक्षा-चाचणीच्या साधनांसह येणाऱ्या मुक्त प्रणालीची फाइल सहभागींनी तेथेच उतरवून घ्यावी असे आम्ही ठरवले. ती तीन-चार जीबीची असते. तीस जणांनी एकदम सुरुवात केली, महाविद्यालयाचे इंटरनेट बसले आणि दोन तासांच्या कार्यशाळेतला सव्वा तास पडद्याकडे पाहण्यात गेला. त्यानंतर आम्ही इंटरनेटवर अवलंबून राहिलो नाही.

आता पद्धत अशी आहे. एका लॅपटॉपवर सर्व फाइल आधीच ठेवायच्या, तो एका स्विचला जोडायचा आणि प्रयोगशाळेतल्या अंतर्गत नेटवर्कवरून त्या वाटायच्या. पेन ड्राइव्ह फिरवणे टाळावे, कारण सुरक्षेच्या परिषदेतून विषाणू घरी नेण्याची पाळी कोणावर येऊ नये. फाइल मिळाली की प्रत्येकाने तिची एसएचए-256 बेरीज, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून निघणारा आणि मजकूर बदलला की बदलणारा सांकेतिक आकडा, काढून फळ्यावर लिहिलेल्या मूळ बेरजेशी ताडून पाहायची. मूळ बेरीज निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यायची. हा पाच मिनिटांचा धडा स्वतःच महत्त्वाचा आहे. आपण उतरवलेली वस्तू खरी आहे का, हे तपासण्याची सवय येथे लागते.

हल्ल्यांचा सराव करण्यासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली मुक्त सॉफ्टवेअरे आहेत. ओवॅस्प या सुरक्षाविषयक संस्थेचे ज्यूस शॉप, तसेच डीव्हीडब्ल्यूए हे स्वतंत्र सॉफ्टवेअर, ही त्यांतली सर्वपरिचित. ती एका चांगल्या लॅपटॉपवर चालवली तर सहभागींना केवळ ब्राउझर लागतो, आणि प्रयोगशाळेतले जुने, 4 जीबी मेमरीचे संगणकही पुरतात. मात्र सर्वांनी एकाच प्रतीवर काम केले तर एकाने केलेले बदल दुसऱ्याला दिसतात आणि गोंधळ होतो. प्रत्येक गटासाठी वेगळी प्रत चालवावी. हे नेटवर्क इंटरनेटला आणि महाविद्यालयाच्या नेटवर्कला जोडलेले नसावे. केबल प्रत्यक्ष काढलेली आहे हे डोळ्यांनी पाहावे.

विजेचा हिशोबही कागदावर करावा. तीस लॅपटॉप प्रत्येकी 65 वॅटचे धरले तर 1950 वॅट होतात, म्हणजे 230 व्होल्टला साडेआठ अँपिअरच्या आसपास. भिंतीवरचा साधा सॉकेट सहा अँपिअरचा असतो. एकातून दुसरा आणि दुसऱ्यातून तिसरा असे एक्स्टेंशन बोर्ड जोडले की फ्यूज उडतो किंवा वायर तापते. म्हणून भार वेगवेगळ्या सर्किटवर वाटून घ्यावा आणि हे काम महाविद्यालयाच्या वीजतंत्रीकडूनच करवून घ्यावे.

आणि दहा संगणकांवर आधीच सर्व मांडून ठेवावे. लॅपटॉप नसलेल्याला शेजारच्याच्या खांद्यावरून पाहावे लागू नये.

कायद्याची रेषा

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 43 मध्ये मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे किंवा त्यातील माहिती उतरवून घेणे यांचा समावेश आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून प्रात्यक्षिकात कोणत्याही खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता टाइप होता कामा नये, ही अट वक्त्याकडून लेखी घ्यावी आणि कार्यशाळेच्या सुरुवातीला सहभागींनाही वाचून दाखवावी.

प्रत्येक परिषदेत एखादा विद्यार्थी हळूच येऊन सांगतो की, एका निकालाच्या संकेतस्थळात त्याला त्रुटी सापडली आहे. त्याला रागावू नये आणि व्यासपीठावरही नेऊ नये. त्याने आणखी काही उघडून पाहू नये, जे दिसले ते लिहून ठेवावे आणि संबंधित संस्थेला तसेच सर्ट-इन या राष्ट्रीय यंत्रणेला कळवावे, हे त्याच्याबरोबर बसून करून घ्यावे. दुरुस्ती होण्याआधी जाहीर चर्चा करू नये.

नोंदणी

जी माहिती आपण गोळा करत नाही ती गळू शकत नाही. नाव, गाव, मोबाइल क्रमांक आणि जेवणाविषयी काही सूचना, एवढेच विचारावे. आधार क्रमांक, जन्मतारीख, महाविद्यालयाचा हजेरी क्रमांक यांची गरज नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 नुसार 18 वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. तंत्रनिकेतनाचे बरेच विद्यार्थी याच वयाचे असल्याने त्यांची नोंद त्यांच्या शिक्षकांमार्फत केवळ संख्येने घ्यावी, हा आम्ही काढलेला मार्ग आहे.

सर्वांना एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकण्याचा मोह आवरावा. तेथे प्रत्येक मुलीचा क्रमांक शंभर अनोळखी माणसांना दिसतो. सूचना एकेकट्याला एसएमएसने पाठवाव्यात. मोफत कार्यक्रमाला नाव नोंदवून न येणारे बरेच असतात, त्यामुळे तीन दिवस आधी ‘येणार’ किंवा ‘येणार नाही’ असे उत्तर मागवून मगच बचत गटाला जेवणाचा आकडा द्यावा. महिलांना एसटीत 17 मार्च 2023 पासून तिकिटात 50 टक्के सवलत आहे, हे निमंत्रणात आवर्जून लिहावे. परतीच्या गाड्यांच्या वेळाही त्यासोबत द्याव्यात.

प्रत्यक्ष दिवस

स्वयंसेवकांना आदल्या दिवशी जागेवर बोलवून प्रत्येकाला एकच काम द्यावे. प्रोजेक्टरला एचडीएमआय आणि व्हीजीए दोन्ही जोडण्या तपासाव्यात. स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला कडी आहे, पाणी आहे आणि दिवा आहे, हे सकाळी आठला आणि पुन्हा दुपारी पाहावे. वर्तनाचे नियम मराठीत छापून दाराशी लावावेत आणि तक्रार कोणाकडे करायची त्या दोन व्यक्तींची, त्यांत एक स्त्री, ओळख सुरुवातीलाच करून द्यावी. ज्यांना आपले छायाचित्र नको आहे त्यांच्या ओळखपत्राला पिवळी फीत असावी. चित्रीकरण ओबीएस स्टुडिओ या मुक्त सॉफ्टवेअरने होते. चित्र जरा अंधूक चालेल, आवाज मात्र कॉलर माइकवरूनच घ्यावा. वेळ दाखवणारा स्वयंसेवक पहिल्या रांगेत बसवावा आणि मोठ्या पाहुण्यालाही त्याने फलक दाखवावा.

नंतरचे पंधरा दिवस

जमाखर्च सर्वांसाठी खुला करावा. चित्रफिती वक्त्यांच्या संमतीने इतरांना वापराची मुभा देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली द्याव्यात, म्हणजे त्या वर्गात दाखवता येतील. प्रयोगशाळा सहायक, वीजतंत्री आणि बचत गट यांना आभाराची पत्रे हाताने नेऊन द्यावीत. नोंदणीची यादी पुसून टाकावी आणि ती पुसल्याचे सर्वांना कळवावे.

शेवटचे काम पेटीचे. केबल, स्विच, माइक, एक्स्टेंशन बोर्ड, जोडण्यांचे कन्व्हर्टर आणि कार्यशाळेच्या फाइल ठेवलेली डिस्क एका पत्र्याच्या पेटीत भरावी, झाकणाच्या आतून वस्तूंची यादी चिकटवावी, आणि पुढच्या वर्षी जो किंवा जी संयोजक असेल त्या व्यक्तीच्या हाती किल्ली द्यावी. आमची पेटी सध्या परभणीला आहे.